शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

पदोन्नतीची यादी फलकावर लागली तेव्हा मी ती दोनदा वाचली. ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक तिसरा. पाच जागा होत्या आणि बढती मिळाली ती पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाला. चौकशी नाही, ताकीद नाही, गोपनीय अहवाल सगळे चांगले. तरी मधला एक क्रमांक उचलून बाजूला ठेवला होता.

मी एका अर्धशासकीय संस्थेत वरिष्ठ लिपिक. गेली नऊ वर्षं माझे दोन्ही कान हळूहळू जात आहेत. यंत्र लावते. समोरच्याचा चेहरा दिसत असेल, एका वेळी एकच जण बोलत असेल, तर मला बरंचसं कळतं. बैठकीत तसं नसतं. म्हणून आमच्या शाखेतली एक मैत्रीण बैठकीला माझ्या शेजारी बसायची आणि जे चाललंय ते वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीमागे लिहून माझ्याकडे सरकवायची. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. माझं एकही काम त्यामुळे अडलं नाही. मग नवे अधिकारी आले आणि त्यांनी ते बंद केलं. पुढच्याच महिन्यात माझी बदली अभिलेख कक्षात झाली, ‘सोयीच्या दृष्टीने’.

यादी लागल्यावर मी साहेबांना भेटले. ते रागावले नाहीत, खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, “सहायक अधीक्षकाला फोन घ्यावे लागतात, माणसं अंगावर येतात. तुम्हाला त्रास होईल. तुमच्या भल्याचंच पाहिलंय.”

त्या गोड बोलण्याने माझे दोन महिने गेले. कुणी तोंडावर अपमान केला असता तर मी त्याच दिवशी अर्ज खरडला असता. पण काळजीच्या सुरात नाकारलं की आपणच आपल्याला समजावत बसतो: खरंच झेपलं असतं का, उगाच कटकट कशाला, माणूस तसा वाईट नाही. भेदभाव हा शब्द मला माझ्या बाबतीत वापरायलाच जड जात होता. तो इतरांच्या बाबतीत होतो, माझं आपलं ‘कान गेले’, असं काहीतरी डोक्यात होतं.

शब्द मला सापडला तो कान तपासायला गेले तिथे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी ऑडिओग्राम काढायचा होता. तिथल्या ताईंना मी सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, “दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात हे स्पष्ट मना आहे. वकील गाठा.” वकील म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नाही, आणि नोकरीत असताना कार्यालयाविरुद्ध वकील लावणं म्हणजे उरलेली वर्षं सगळ्यांशी वैर, असंच मी धरून चालले होते.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० ही त्यांची देशभराची हेल्पलाइन आहे, पण माझी अडचण फोनचीच, म्हणून मी अर्धी रजा टाकून सरळ गेले. दारातूनच परतणार होते. मोफत वकील म्हणजे ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी, आपण पगारदार, आपण हक्क सांगितला तर कुणा गरजूची जागा खाऊ, असं वाटत होतं. टेबलावर बसलेल्या विधी स्वयंसेवक मुलीने अर्ज माझ्यापुढे फिरवला आणि कलम १२ची यादी दाखवली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं, दिव्यांग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार असे गट दिले आहेत. उत्पन्नाची मर्यादा हा त्यातला एक वेगळा गट आहे, तो सगळ्यांना लागू नाही. स्त्री म्हणूनही माझा अर्ज बसत होता आणि दिव्यांग म्हणूनही. पगाराचा प्रश्नच नव्हता. हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही नोकरदार बाईला ठाऊक नव्हतं.

अर्जासोबत ओळखपत्र, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि तक्रार थोडक्यात लिहिलेला एक कागद दिला. आठव्या दिवशी वकील नेमल्याचं पत्र आलं.

पहिले वकील मला लाभले नाहीत. वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्याकडे गर्दी असायची आणि ते फाईलमध्ये डोकं घालून बोलायचे. मी दोनदा सांगितलं की माझ्याकडे बघून बोला, मला ओठ दिसले पाहिजेत. ते “हो हो” म्हणायचे आणि पुन्हा मान खाली. दोन भेटींनंतर मला माझ्याच प्रकरणात काय चाललंय ते कळत नव्हतं. म्हणजे कार्यालयात जे सोसत होते तेच इथेही. गप्प बसावं असं वाटलं. फुकट मिळतंय त्यात नखरे कसले, हे बोलणं कुणी मला ऐकवलं नाही, माझं मीच ऐकवत होते. शेवटी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज लिहिला. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात. मला भीती वाटत होती तसं काही झालं नाही. कारण लिहिलेलं होतं, वकील बदलून मिळाले. पॅनलवरच्या वकिलाची फी प्राधिकरण देतं, वकिलाने आपल्याकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि म्हणून आपण कुणाच्या उपकाराखाली नसतो. हे मला त्या अर्जाने शिकवलं.

दुसऱ्या वकीलबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी खुर्ची खिडकीसमोरून हलवली, कारण मागून उजेड आला की चेहरा काळोखा दिसतो. मोबाइलवर बोललेलं मराठीत उमटवणारं ॲप चालू करून तो माझ्यापुढे ठेवला. नावं आणि तारखा मात्र वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवल्या, कारण तिथे ॲप चुकतं. मी त्यांना काही सांगायच्या आधीच हे झालं होतं. मला रडू आलं आणि त्यांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

मी अकरा पानं लिहून नेली होती. त्यांनी हातात पेन घेऊन ती सगळी वाचली आणि ज्या वाक्यात तारीख, कागद किंवा साक्षीदार होता तेवढ्याखाली रेघ मारली. अकरा पानांत रेघा आल्या चौदा. बाकीचं सगळं माझं दुःख होतं.

“हे सगळं खरं आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “पण याला ते गैरसमज म्हणतील. तारखेला गैरसमज म्हणता येत नाही.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला हवंय काय?”

मी म्हटलं, त्यांनी चूक मान्य करावी.

“ते आदेशात लिहून येत नाही. कागदावर काय लिहून आलेलं चालेल ते सांगा.”

मला उत्तर देता आलं नाही. चार दिवस गेले. एवढ्या दिवसांत मी काय झालं हे शंभर वेळा मनात उगाळलं होतं, पण काय व्हायला हवं हे एकदाही नाही. स्वयंपाक करताना, बसमध्ये, रात्री, तोच प्रश्न. माफी मागून घेतली आणि मी अभिलेख कक्षातच राहिले तर? बढती दिली आणि बैठकीत पुन्हा मुकं बसवलं तर? पाचव्या दिवशी मी चार मागण्या लिहून नेल्या. पदोन्नतीचा फेरविचार. बैठकीची विषयपत्रिका आधी आणि कार्यवृत्त त्याच दिवशी लेखी, आणि बैठकीत शेजारी लिहून देणारी व्यक्ती. फोनऐवजी ईमेल आणि लेखी निरोप. आणि चौथी, दिव्यांग कर्मचाऱ्याने तक्रार घेऊन जायचं कुणाकडे, ते नाव संस्थेने जाहीर करावं. चौथीवर त्या थांबल्या. “ही तुमच्यासाठी नाही.” मी म्हटलं, नाही, पण असू दे.

त्यानंतरचं काम माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचं तिकीट लावून दोन अर्ज टाकले. पहिल्यात विचारलं: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २१प्रमाणे समान संधी धोरण कधी प्रसिद्ध केलं, आणि कलम २३प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी कोण आहेत? दुसऱ्यात मागितलं: पदोन्नती समितीच्या बैठकीचं कार्यवृत्त, मूळ टिपणी आणि सहायक अधीक्षक पदाची कर्तव्यसूची.

तीस दिवसांची मुदत असते. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तरं आली. पहिल्या अर्जाच्या दोन्ही प्रश्नांपुढे एकच शब्द होता: निरंक, म्हणजे काहीच नाही. हा कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे, आणि आमच्या संस्थेत दोन्ही प्रश्नांचं उत्तर निरंक.

दुसऱ्या पाकिटात कार्यवृत्ताची साक्षांकित प्रत. तक्ता होता. नाव, ज्येष्ठता, अहवालांची प्रतवारी, चौकशी, पात्र की अपात्र आणि शेवटी शेरा. माझ्या ओळीत शेवटून दुसऱ्या रकान्यापर्यंत सगळं इतरांसारखंच. शेऱ्यात मात्र लिहिलं होतं: ‘श्रवणदोषामुळे पर्यवेक्षणाचे काम करू शकणार नाहीत. सबब विचार केला नाही.’

मी ते टेबलावर वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. दिवसभर काम केलं. सव्वीस वर्षांची नोकरी आणि माझ्याबद्दल एवढंच. मला विचारलं नाही, परीक्षा घेतली नाही, चार दिवस करून बघायला सांगितलं नाही. संध्याकाळी वकीलबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “मूळ प्रत जपून ठेवा. हीच ओळ आपलं प्रकरण आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. कलम २० म्हणतं की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येणार नाही. दुसरं काही कारण त्यांनी लिहिलं असतं, कामात चुका, अहवाल कमी, तर आम्हाला ते खोडत बसावं लागलं असतं. त्यांनी स्वतःच्या हाताने फक्त दिव्यांगत्व लिहिलं. दुसरा मुद्दा, कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत ‘वाजवी सोय नाकारणं’ हेसुद्धा येतं. म्हणजे लिफाफ्यावर लिहून देणं बंद करणं हासुद्धा भेदभावच. आणि कर्तव्यसूचीत अकरा कामं होती, त्यात दूरध्वनी हा शब्द कुठेही नव्हता.

“त्या चिठ्ठ्या आहेत का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. होत्या. का ठेवल्या होत्या मला सांगता येणार नाही, पण एका खोक्यात दोनशेच्या वर लिफाफे होते. मैत्रिणीचं अक्षर, कोपऱ्यात बैठकीची तारीख. ती सोय होती, चालत होती, तिला पैसा लागत नव्हता आणि चार वर्षं कुणाची तक्रार नव्हती, हे सगळं त्या खोक्याने दाखवलं. मैत्रिणीने साक्ष द्यायला नकार दिला. तिची मुलं लहान आहेत, ती त्याच साहेबांच्या हाताखाली आहे. मला वाईट वाटलं, पण मी तिला दोष देत नाही. चिठ्ठ्या वापरायला ती हो म्हणाली, तेवढं पुष्कळ होतं.

पहिली तक्रार कार्यालयातच द्यायची ठरली. तक्रार निवारण अधिकारीच नव्हते, तेव्हा संस्थाप्रमुखांच्या नावे दिली. आवक शाखेत पोच घेताना टेबलावरच्या मुलाने “साहेबांना विचारून देतो” म्हटलं. मी स्वतः सहा वर्षं आवक-जावक सांभाळलंय. अर्ज घेतला की शिक्का आणि क्रमांक द्यायचा असतो, विचारायचं कुणाला नसतं. मी तिथेच उभी राहिले. वीस मिनिटांनी पोच मिळाली. कायद्यात तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची आहे. दोन आठवडे गेले, तीन गेले. या काळात काही जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकाने घरी येऊन यजमानांना सांगितलं की वहिनींना समजवा. यजमान म्हणाले, त्यांनीच मला समजावलंय.

मग राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला. जिल्हास्तरीय समितीकडेही जाता आलं असतं, पण पदोन्नती देणारं वरिष्ठ कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात होतं, त्यामुळे वकीलबाईंनी तो टप्पा घेतला नाही. खासगी नोकरी असती तर वाट थोडी निराळी असती. कलम २० आणि २३ सरकारी आस्थापनांसाठी आहेत, आणि त्यात शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या व अनुदानित संस्था येतात. समान संधी धोरणाची अट मात्र खासगी आस्थापनांनाही आहे.

तक्रार अडीच पानांची झाली. जोडपत्रं एकोणचाळीस पानं. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा २०२१चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल होता. परीक्षेला लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराचं ते प्रकरण. हाताला लिहिताना त्रास होणाऱ्या माणसाला, चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो त्याला मिळालाच पाहिजे असं सांगितलं. वाजवी सोय ही मेहरबानी नसून समानतेचाच भाग आहे, हे त्यात इतकं सविस्तर मांडलंय की मी तो निकाल शब्दकोश घेऊन पूर्ण वाचला. कुणी तरी आपल्या लिफाफ्यांबद्दल लिहिलंय असं वाटत राहिलं.

सुनावणीआधी वकीलबाईंनी वेगळा अर्ज दिला: तक्रारदाराला ऐकू कमी येतं, म्हणून एका वेळी एकानेच बोलावं, बोलणाऱ्यांच्या समोर बसू द्यावं आणि बोललेलं पडद्यावर टंकून दाखवावं. पहिल्या तारखेला समोरच्यांनी मुदत मागितली, रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्या तारखेला मात्र माझ्यापुढे पडदा होता. एक कर्मचारी टंकत होता आणि अक्षरं उमटत होती. संस्थेच्या प्रतिनिधींनी आपली बाजू मांडली, पदाचं काम लोकांशी बोलण्याचं आहे, तक्रारदारांच्या हितासाठीच निर्णय घेतला. मला शब्द न् शब्द कळला. कितीतरी वर्षांनी एका बैठकीतलं सगळं मला कळलं आणि ती बैठक माझ्याबद्दलची होती.

कर्तव्यसूचीत दूरध्वनी कुठे आहे, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. ते कागद चाळत राहिले. तक्रारदाराला आधी विचारलं होतं का, हा दुसरा प्रश्न. पडद्यावर उत्तर उमटलं: नाही. मला बोलायची संधी दिली तेव्हा मी तयार केलेलं काही बोलले नाही. खोका उघडून लिफाफे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, “मी असं काम करत होते.”

आदेश साडेतीन महिन्यांनी आला. शेरा नियमबाह्य, पदोन्नती समितीने माझ्या नावाचा फेरविचार करावा, मागितलेल्या सोयी द्याव्यात, तक्रार निवारण अधिकारी नेमावा. आयुक्तांचं म्हणणं ही शिफारस असते, पण संस्थेला तीन महिन्यांच्या आत काय केलं ते कळवावं लागतं, आणि मानायचं नसेल तर कारण द्यावं लागतं. हे तीन महिने मला सगळ्यांत लांब वाटले. ऐंशीव्या दिवशी फेरबैठक झाली. मला पदोन्नती मिळाली आणि चौथ्या क्रमांकाच्या कर्मचाऱ्याच्या तारखेपासून मानीव दिनांकही, म्हणजे बढती त्याच दिवशी मिळाली असं धरायचं. थकबाकी मात्र नाकारली: त्या काळात प्रत्यक्ष पदावर काम केलेलं नाही म्हणून. काम करू कुणी दिलं नाही, हे त्या पत्रात कुठे नाही. ते मला मान्य नाही.

आता माझं टेबल पुन्हा शाखेत आहे. बैठकीचं कार्यवृत्त संध्याकाळपर्यंत ईमेलवर येतं, कधी दुसऱ्या दिवशी. मैत्रीण पुन्हा शेजारी बसते. आता तसा लेखी आदेश आहे आणि ती कोऱ्या वहीत लिहिते. फलकावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव लागलंय. हुद्दा चुकीचा छापला होता, तो मी दुरुस्त करून घेतला.

थकबाकीसाठी गेल्या आठवड्यात पुन्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. अर्ज तोच, कलम १२चा. त्याच वकीलबाई मिळाव्यात अशी विनंती खाली लिहिली आणि पोच घेतली.